एक कट्टा अन् वर बारा

मी पुण्याला निघालो तेव्हा माझं वजन बावन्न किलो होतं. अठरा वर्षांनंतरही हे इतकं नेमकं सांगता येतं, कारण निघायच्या आदल्या दिवशी आमच्या खळ्यावर धानाचा काटा लागला होता. आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, लाखनीपासून जवळ. घरात एक रीत आहे: धानाचे कट्टे मोजून झाले की काटा उचलण्याआधी घरातल्या प्रत्येकानं त्यावर उभं राहायचं. पाहुणे, मजूर, शेजारची म्हातारी, कोणीच सुटत नाही. बाबा आकडा मोठ्यानं सांगतात, तोही कट्ट्यांत. धानाचा एक कट्टा चाळीस किलोचा. मी चढलो तेव्हा बाबा म्हणाले, "एक कट्टा अन् वर बारा." सगळे हसले, आई सोडून. वजन वाढलं की माणसाचं बरं चाललंय आणि घटलं की त्याला दवाखान्यात न्यायची वेळ आली, एवढाच तिचा हिशेब होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही लाखनीच्या हायवेवर नागपूरच्या गाडीची वाट पाहत उभे होतो. तिथून पुढे रेल्वे. ट्रकमागून ट्रक जात होते आणि आई पदरानं माझी बॅग पुसत होती, ट्रक गेला की पुन्हा पुसत होती. माझी मोठी बहीण, सुनंदाताई, अड्याळहून दोन एसट्या बदलून आली होती. तिचं सासर तिथलं. भाऊजींचं बाजारात किराण्याचं दुकान. तिनं सोबत दहा किलो चिन्नोर तांदूळ आणला होता आणि लाखनीतूनच एक छोटा कुकर विकत घेतला. मला तोवर साधा चहासुद्धा करता येत नव्हता. तेव्हा तिनं रस्त्याच्या कडेला कुकरचं झाकण उघडलं, आत बोट धरलं आणि शिकवलं: तांदूळ घाल, वर बोटाचं एक पेर पाणी ठेव, तीन शिट्ट्या होऊ दे. लोक पाहत होते. मी तिला म्हटलं, ताई, पुरे. ती म्हणाली, "पाहू दे. त्यायले काय, उपाशी तुले राहा लागंल."

गाडी आली तेव्हा आई खिडकीखाली उभी राहून एवढंच म्हणाली, "भाताबिगर राहू नोको बाबू. चाय-बिस्कुटानं जेवन होत नाही."

हे वाक्य लक्षात ठेवा. माझी पुढची सगळी फजिती त्यात आहे.

पुण्यात मी हिंजवडीत एका कंपनीत लागलो. आमची गिऱ्हाइकं दुसऱ्या देशातली, त्यामुळे आमचं घड्याळ त्यांच्या उन्हाप्रमाणे चालायचं. दुपारी बाराला कामाला बसायचं आणि ते सोडतील तेव्हा उठायचं. गावात असताना मी सकाळी बोडीवर, म्हणजे गावच्या छोट्या तळ्यावर, आंघोळीला जायचो, तिथून शेतात धानाच्या बांदीवर, बांदीवरून घरी, आणि याला कोणी चालणं म्हणत नसे. पुण्यात कॅब दारात यायची आणि कंपनीच्या दारात सोडायची. मधल्या दीड तासात मी लॅपटॉप मांडीवर घेऊन मेलला उत्तरं द्यायचो. लग्न झालं. मेघा साताऱ्याकडची, ती बँकेत. मुलगी झाली. घर घेतलं, मी टीम लीड झालो, माझ्या हाताखाली चौदा जण आले आणि त्या चौदा जणांच्या चुका माझ्या नावावर जमा होऊ लागल्या.

दरवर्षी धान मोजायच्या सुमारास मी दोन दिवस घरी जायचो आणि काट्यावर चढायचो. साठ. अडुसष्ट. सत्त्याहत्तर. आईचा चेहरा उजळत जायचा. "आता भरला," ती शेजारणीला सांगायची, जसं काही तिनंच रोज पुण्याला येऊन जेवू घातलं होतं. ज्या वर्षी मी ब्याण्णव भरलो त्या वर्षी बाबा म्हणाले, "दोन कट्टे अन् वर बारा. पुण्यानं पुरा एक कट्टा देला." मीही हसलो. तेव्हा जिना चढताना मला धाप लागत होती, पण ते खळ्यावर सांगायची गोष्ट नव्हती.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात ताईच्या पायांना सूज आली. बीपी होतं हे तिला माहीत होतं, गोळ्या कधी घ्यायची, कधी दुकानाच्या गर्दीत विसरायची. भंडाऱ्याला तपासण्या झाल्या, मग नागपूरला, आणि कळलं की दोन्ही किडन्या जवळजवळ गेल्या आहेत. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, ती भंडाऱ्याला डायलिसिसला जाऊ लागली. किडनी कोण देणार यावर घरात फारशी चर्चा झाली नाही. बाबांचं वय झालेलं, आईला साखर, भाऊजींचा रक्तगट जुळेना. माझा जुळला. मेघानं एक दिवस विचार केला आणि म्हणाली, दे. बायको म्हणून कागदांवर तिच्याही सहीची गरज होती.

नागपूरच्या डॉक्टरांनी माझे रिपोर्ट पाहिले आणि म्हणाले, किडनी उत्तम आहे, पण माणूस नाही. वजन ब्याण्णव, साखर काठावर, बीपीही वर. ऐंशीवर या, मग बोलू. मी बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे दोन कट्टे बरोबर. वरचे बारा काढाचे." त्यांच्या तोंडून ते फार सोपं वाटलं. मलाही वाटलं, बारा किलो म्हणजे काय, तीन महिन्यांचं काम.

पहिल्या दिवशी मी भात सोडला. वजन म्हटलं की आधी भात सोडतात हे मी ऑफिसात शंभरदा ऐकलं होतं. दुसरं, भात सोडणं ही आमच्याकडच्या माणसाला जमणारी सगळ्यात मोठी गोष्ट. ती केली की बहिणीसाठी काहीतरी केल्यासारखं वाटायचं. जिमचे पैसे भरले. पहाटेचा गजर लावला. तीन आठवड्यांत तीन किलो उतरले आणि मी ताईला फोन करून सांगितलं. मग कंपनीत नवं काम आलं, दोन जण सोडून गेले, त्यांचं काम माझ्याकडे आलं आणि पुढच्या महिन्यात चार किलो चढले. ते मी ताईला सांगितलं नाही. "उतरून राहिलं," एवढंच म्हणायचो.

सहा महिने असेच गेले. वजन नव्वदच्या खाली टिकेना. शेवटी मेघानं मला एका आहारतज्ज्ञ बाईंकडे नेलं. त्यांनी वही दिली आणि सांगितलं, जे खाल ते लिहा. मी प्रामाणिकपणे लिहिलं. दुपारी दोन पोळ्या, भाजी. रात्री दोन पोळ्या, भाजी. दुसऱ्या दिवशी तेच. बाईंनी पंधरा दिवसांची वही वाचली आणि शांतपणे म्हणाल्या, "एवढंच खाऊन तुमचं वजन वाढत असेल, तर तुमच्यावर प्रबंध लिहायला हवा."

मग त्यांनी सांगितलं, तीन दिवस तोंडात जे जाईल त्याचा मोबाइलवर फोटो काढा. पाणी सोडून सगळं. तीन दिवसांनी आम्ही तिघांनी ते फोटो पाहिले आणि मेघाला हसू आवरेना. सात चहा, साखरेसकट. बिस्किटांचा पुडा. कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक. समोसा. मीटिंगमध्ये ठेवलेले खारे काजू. भाऊजींनी अड्याळहून पाठवलेला चिवडा, मूठ-मूठ, दिवसातून पाच वेळा. मी खोटं लिहिलं नव्हतं. हे सगळं मी खाल्लं होतं हे मला माहीत होतं, पण ते जेवण होतं असं कधी मनात आलंच नाही. आमच्याकडे पोटात भात गेला तर माणूस जेवला. बाकी सगळं तोंड चालवणं. साताऱ्याच्या माणसाला हे समजावून सांगता सांगता मी थकलो. मेघा म्हणाली, "म्हणजे तू सहा महिने उपाशी आहेस, असं तुला वाटतंय."

खरंच तसंच वाटत होतं.

बाईंनी आणखी एक केलं. प्रत्येक फोटोवर वेळ होती. त्यांनी मला माझ्या कॉलच्या वेळा विचारल्या आणि दोन्ही शेजारी लिहिल्या. जवळजवळ प्रत्येक फोटो कुठल्या ना कुठल्या कॉलनंतरचा होता. कोणी झापलं की बिस्किट, काम अडलं की चिवडा. झोप किती, त्यांनी विचारलं. पाच तास, कधी चार. त्या म्हणाल्या, झोप अपुरी आणि डोक्याला ताण असला की शरीर भूक जास्त मागतं, आणि नेमकी गोड, तळलेल्या वस्तूंची मागतं; पाय ओढत एक तास जिमला जाऊन ते भरून निघत नाही. आधी झोपा. आणि भात सुरू करा, पण ताटात घेऊन, बसून, लॅपटॉप बंद करून. मला सगळं पटलं. चहातली साखर मी सोडली. पण लॅपटॉप बंद केला नाही आणि भातही सुरू केला नाही. कंपनीत ताईचं कोणालाच सांगितलं नव्हतं. ऑपरेशनला महिनाभर सुट्टी घेणारा माणूस पुढच्या बढतीच्या यादीतून निघतो, हे मी इतरांच्या बाबतीत पाहिलं होतं.

गावाकडच्यांना मी एक गोष्ट सांगतो, म्हणजे पुण्याला शिव्या घालायच्या राहून जातील. माझा मावसभाऊ जवाहरनगरच्या कारखान्यात आहे. भंडाऱ्याजवळच क्वार्टरमध्ये राहतो, जिल्ह्याबाहेर नोकरीसाठी कधी गेला नाही. शिफ्टची बस, ओव्हरटाइम, पोरांच्या शिकवण्या, यात त्याचंही पोट माझ्याइतकंच सुटलं. गाव सोडलं म्हणून मी जाड झालो, असं नाही.

भात सोडून वर्ष झालं तेव्हा मी अड्याळला गेलो. सोमवार होता, दुसऱ्या दिवशी मी ताईसोबत भंडाऱ्याला जाणार होतो. ताई काळवंडली होती, हातावर सुयांच्या गाठी होत्या, पण स्वयंपाक तिनंच केला. भाऊजी दुकानात होते. ती भात वाढायला आली तेव्हा मी ताटावर हात धरला आणि म्हणालो, मला दोन पोळ्या दे फक्त.

"कवापासून?" तिनं विचारलं.

"वर्ष झालं."

"अन् उतरले किती?"

मी खरं सांगितलं. वर्षात एकूण दीड किलो.

ती आत गेली आणि एक वही घेऊन आली. तिच्यात प्रत्येक डायलिसिसच्या आधीचं आणि नंतरचं वजन लिहिलेलं होतं. तिला दिवसाला मोजून पाणी मिळायचं. एक छोटी स्टीलची वाटी होती, तशा चार वाट्या तिनं दिवसभर पुरवायच्या. जास्त प्याली की ते पाणी अंगातच राहायचं आणि मंगळवारी काट्यावर दिसायचं. "मले हप्त्यातून दोनदा काट्यावर उभं करतात," ती म्हणाली. "वजनाचं मले नोको सांगू. मी तुझ्या तोंडाकडं पाहून सांगतो, तू खाऊन जाड नाही झाला. तू घाबरून राहिला."

मी म्हणालो, कशाला घाबरू. ती माझ्यासमोर बसली, भाताचं भांडं मध्ये ठेवून.

"कापाकापीचं भेव असते, बाबू. नसंल द्याची त मोकळं सांग. तुले लेक हाय, मेघा हाय. मी रागावनार नाही. पन असं उतरून राहिलं, उतरून राहिलं म्हनत मले वाट पाहाले लावू नोको."

मी सुनंदाताईच्या तोंडावर खोटं बोलू शकलो असतो, वर्षभर बोललोच होतो. पण त्या दिवशी बोललो नाही. मी तिला सांगितलं की भीती वाटते. हेही सांगितलं की काही सकाळी काट्यावर आकडा तेवढाच दिसला की आधी वाईट वाटायचं आणि मग आत कुठंतरी सुटल्यासारखं वाटायचं, की चला, आणखी एक महिना. मग त्या सुटल्यासारखं वाटण्याची लाज वाटायची, आणि ती लाज घेऊन मी कॉलवर बसायचो आणि चिवड्याची बरणी उघडायचो. हे सांगताना मी रडलो. चाळिशीच्या माणसानं बहिणीच्या ओसरीत ताटासमोर बसून रडणं बरं दिसत नाही, पण रडलो.

ताईनं भाताचं भांडं जवळ ओढलं. मग म्हणाली, "मलेबी लागते भेव. दर मंगळवारी लागते. तरी बसमधी चढा लागते." आणि माझा हात ताटावरून बाजूला करून तिनं भात वाढला. "द्याची का नाही, ते घरी जाऊन ठरव. आता जेव."

मी जेवलो. वर्षभरानंतर पहिल्यांदा. भातावर वरण, वर लाखोरीच्या डाळीचे वडे, आणि समोर ती तिची अर्धी वाटी पाणी घोट-घोट करून पीत होती. मी माझा गिलास तिच्यासमोर उचलू शकलो नाही. तिच्या ते लक्षात आलं. "पे ना," ती म्हणाली, "तू पेल्यानं माझं वजन वाढत नाही."

पुण्याला परत आल्यावर मी माझ्या साहेबांना सगळं सांगितलं. ते चांगले वागले, म्हणजे जितकं चांगलं वागता येतं तितकं. दिवसपाळीच्या टीममध्ये जागा होती, पण लीडची नव्हती. मी ती घेतली. त्या वर्षीची बढती माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान मुलाला मिळाली आणि त्याचं अभिनंदन करताना मला त्याचा हेवा वाटला, हेही लिहून ठेवतो. सकाळी नऊ ते सहा. रात्री दहाला अंथरुणावर. पहिले तीन आठवडे मी नुसता झोपलो. मेघा म्हणायची, तुला काही झालंय का. वजन शंभर ग्रॅमही हललं नाही. मग एका सोमवारी आठशे ग्रॅम उतरले. पुढच्या महिन्यात दोन किलो. दिवाळीत परत एक चढला, कारण आईनं अनारसे पाठवले आणि अनारसे म्हणजे जेवण नव्हे, ही जुनी सवय उफाळून आली. दुपारी मी वाटीभर भात खायचो, बसून. संध्याकाळी मुलीला घेऊन चालायला जायचो. ती सायकलवर, मी मागे. भीती गेली नाही. पण ती आता एकट्याची नव्हती, आणि तिच्यासाठी बिस्किट लागत नव्हतं.

होळीच्या आधी नागपूरला काट्यावर उभा राहिलो तेव्हा एकोणऐंशी पूर्णांक सात भरलो. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले आणि या वेळी किडनीबद्दलही आणि माणसाबद्दलही चांगलं बोलले. ऑपरेशनच्या सकाळी मी घाबरलो होतो. ताईही घाबरली होती. आम्हाला शेजारशेजारच्या खोल्यांत ठेवलं होतं आणि भाऊजी दोघांमध्ये चकरा मारत होते, इकडचा निरोप तिकडे. ताईचा निरोप आला, "त्याले सांगा, बसमधी चढ." मी चढलो. ऑपरेशन नीट झालं, एवढंच सांगायचं आहे. बाकी दवाखान्याच्या गोष्टी सगळ्यांच्या सारख्याच असतात.

मागच्या महिन्यात धान मोजलं. आता काटा बॅटरीवर चालतो आणि आकडा लाल उजेडात दिसतो, पण रीत तीच. ताई अंगणात, धुळीपासून लांब, तोंडाला मास्क लावून बसली होती. मी चढलो. बाबांना चष्म्यातून दिसेना, त्यांनी वाकून पाहिलं. "दोन कट्टे. वर काहीच नाही." आई जवळ आली, माझ्या दंडाला हात लावून पाहिला, गालाकडे पाहिलं. अठरा वर्षं तिला ज्याची धास्ती होती तेच तिच्यासमोर उभं होतं.

"लय वाळला रे बाबू," ती म्हणाली. मग म्हणाली, "बरं झालं."

नंतर काटा उचलून अंगणात आणला आणि ताई चढली. सत्तेचाळीस. डायलिसिसच्या काळात ती बेचाळिसावर आली होती. बाबा ओरडले, "एक कट्टा अन् वर सात," आणि यावेळी आई सगळ्यांच्या आधी हसली. ताई मास्कमधून म्हणाली, "त्यातले दीडशे गिराम बाबूचे हायेत, ते धरू नोका." डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, किडनी साधारण तेवढ्या वजनाची असते. दीडशे ग्रॅम द्यायला मला बारा किलो उतरवावे लागले.

पुण्यात कोणी विचारलं, घर कुठं, तर मी पूर्वी गोंधळायचो. फ्लॅटचा पत्ता सांगू की गावाचा? आता मला लाखनीच्या हायवेवरचा तो बावन्न किलोचा पोरगा आठवतो. तो सगळाच्या सगळा पुण्यात राहिला नाही. त्यातला थोडा परत गेला आहे आणि अड्याळला बाजाराजवळ राहतो. आई अजून रोज संध्याकाळी मला फोन करते आणि विचारते, जेवला का. तिचा फोन ठेवला की मी ताईला लावतो. तिला आता डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला सांगितलं आहे, आणि इतके महिने वाटीनं मोजल्यामुळे ती विसरते. मी फक्त एकच विचारतो, तिच्याच बोलीत.

"ताई, पानी पेली का?"

"पेली," ती म्हणते. "गिलास भरून पेली."